पूर्ण बरी होईपर्यंत

आतड्याच्या आजाराचं एक बरं असतं, गप्पांना विषय कमी पडत नाही. चारचौघांत ज्याचा उच्चार करत नाहीत ते आम्ही बिस्किटं खात खात बोलतो! डॉक्टर मॅडमच्या तारनाक्याच्या क्लिनिकमध्ये आमचं टोळकं जमलं. मी, रेल्वेतून रिटायर झालेले सिकंदराबादचे देशमुख काका आणि पुण्याहून आयटीत नोकरीला आलेली मुक्ता. तिघांनाही आतड्याची जुनाट सूज. शनिवारी तपासणी, मग समोरच्या इराण्याकडे बैठक. किस्से साठणारच.

मुक्ता पहिल्यांदा आली तेव्हा अगदी वाळून गेली होती. शेजारी बसलेल्या काकांना तिनं घाबरत विचारलं, "काका, तुम्हाला बरं व्हायला किती दिवस लागले?"

काकांचं घराणं निजामाच्या काळापासून इथलं. त्यांच्या मराठीत दखनी आपसूक येते.

"बरा? मी तर इथला परमनंट स्टाफ आहे बेटा! परेशान नक्को हो. बस."

ती रडायच्या बेतात होती, ती हसली. तेव्हापासून ती आमची.

*

पण पोरगी हट्टी. दिवाळीपर्यंत पूर्ण बरं व्हायचं असं तिनं ठरवूनच टाकलं. मॅडमना सरळ म्हणाली, "मला क्लोजर डेट हवी."

मॅडमनी चष्मा काढला. "ये प्रोजेक्ट नहीं अम्मा, मेंटेनन्स है. सूज शांत होगी, गोली चलती रहेगी."

आयटीवालीला तिच्याच भाषेत उत्तर मिळालं! पण त्या दिवशी तिनं बिस्किटाला हात लावला नाही.

*

काकांना एकदा फारच छान वाटायला लागलं, म्हणून त्यांनी मनानंच गोळ्या बंद केल्या. वर भाच्याच्या लग्नात बिर्याणी आणि मिरची का सालन चापलं. पुढचा आठवडा ते बाथरूममध्येच राहायला होते म्हणा ना.

मॅडम कडाडल्या, "गोली क्यों बंद की?"

"बरं वाटायलं म्हणून."

"अच्छा लग रहा था, वो गोली की वजह से!"

काका शांतपणे म्हणाले, "मग हे गोळीनं सांगायचं की!"

*

आता माझं. कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट नॉर्मल आला आणि घरी शिरा झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आडवी पडलेली. हा थकवा कुठल्याच रिपोर्टात येत नाही.

आमचे हे दारात येऊन म्हणाले, "अगं, पण रिपोर्ट नॉर्मल आहे ना?"

"आहे ना! मग त्या रिपोर्टला सांगा भांडी घासायला!"

भांडी त्यांनीच घासली. माणूस चांगला आहे, फक्त कागदावर फार विश्वास.

*

मग मुक्ताकडे राहायला तिची आई आली. सुनंदाताई. चहाच्या पक्क्या शौकीन, असं मुक्तानंच सांगितलेलं. पण इराण्याकडे त्यांनी नुसतं पाणी मागवलं.

"मुक्ता पूर्ण बरी होईपर्यंत चहा सोडलाय मी. देवाला शब्द दिलाय."

मुक्ता उठून बाहेर गेली. मी मागोमाग गेले तर ती फुटपाथवर रडत होती.

"मावशी, हा आजार पूर्ण जातच नाही. म्हणजे माझ्यामुळे आईचा चहा कायमचा गेला. समोर बसून ती माझ्या कपाकडे बघते हो!"

मला फार वाईट वाटलं. मायलेकी दोघींसाठीही.

मॅडमनी सुनंदाताईंना समजावून पाहिलं. सूज शांत झाली की तेच आमचं बरं होणं, वगैरे. ताईंचं एकच, "शांत ना? बरी नाही ना?"

काकांनी पळवाट काढली. "ताई, तुम्ही चहा सोडला. नवसात कॉफी कुठं आली?"

"देव काय वकील आहे का हो?"

काकांनी बिस्किटांची बशी ताईंपुढे सरकवली. आम्ही पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

*

मध्ये बरेच महिने गेले. औषध लागू पडत होतं, मुक्ता पुन्हा रोज ऑफिसला जायला लागली होती. एका शनिवारी काका आणि मी इराण्याकडे बसलेलो, तर सुनंदाताई एकट्याच आल्या. खुर्ची ओढून बसल्या आणि पोऱ्याला म्हणाल्या, "एक चहा. साखर जास्त."

काकांनी हळूच विचारलं, "ताई, मॅडमनी काही सांगितलं का?"

"कुणी काही सांगितलं नाही. काल ती माझ्याशी कडाकडा भांडली. डब्यात रोज मऊ भातच का देतेस म्हणून. असा आवाज चढवला, खालच्या मजल्यावर गेला असेल. मग दार आपटून ऑफिसला गेली."

"हौ, पण मग चहा?"

सुनंदाताईंनी चहा बशीत ओतला.

"आजारी पडल्यापासून माझ्याशी किती गोड वागत होती हो!"