रोज उगवणारं लिनक्स

फुलपाड्यातल्या आमच्या कम्प्युटर क्लासचे किस्से म्हणजे ड्रॉवरमधल्या जुन्या केबल्स. एक ओढली की चार बाहेर येतात! मी तिथे टायपिंग शिकवते, त्यामुळे सगळं माझ्यासमोरच घडतं.

यंदा आमच्या दोन शिक्षकांत भांडण एकच. बारा जुन्या मशीनवर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाकायचं, पण कुठलं? सुलभा मॅडमना हवं होतं दोन वर्षांनी एकदाच बदलणारं. निलेश सरांना रोज अपडेट होणारं. दोघांनी एकेका मशीनवर आपापलं टाकलं. "माझं नाही निवडलं तर मी चाललो एव्हरशाईन सिटीतल्या क्लासला शिकवायला!" सरांनी जाहीर करून टाकलं. आणि गडी खरंच गेला असता हो!

*

क्लासचे मालक भाऊ. त्यांची केळीची वाडी. त्यांनी सरांना विचारलं, "मेथी म्हयन्यात, केळं वर्षात, नारळ सात वर्षांत. तुजं यातलं कोनतं?"

"भाऊ, माझं रोज नवं उगवतं!"

"रोज तर गवत उगवतं रे!"

*

खंडेनवमीला भाऊंच्या आईंनी सगळ्या मशीनना हार घातले. उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही!

सर कासावीस. "आई, एकच अपडेट राहिलंय हो."

"पूजेला बसलाय तो. ऱ्हाव दे."

शेवटी सर मशीनपुढे हात जोडून पुटपुटले, "आजचा दिवस सांभाळून घे बाबा." आईंना वाटलं, काय भाविक पोरगा! दोन पेढे जास्त दिले.

*

नायगावहून एक काका चौकशीला आले. "लेटेस्ट शिकवता ना?"

"नाही. चालतं ते शिकवते," मॅडम म्हणाल्या.

सर धावले. "लेटेस्ट माझ्याकडे!" बटण दाबलं. अपडेट सुरू झालं, स्क्रीन काळी ठिक्कर. काका दहा मिनिटं बघत उभे राहिले, मग मॅडमच्या बॅचला नाव घालून गेले.

*

भाऊ वैतागले. म्हणाले, दुपारच्या बायकांच्या बॅचनंच ठरवायचं. महिनाभर त्या दोन्ही मशीनवर शिकल्या होत्या. मला तर सरांची दयाच आली. सकाळपासून त्यांनी चार वेळा बॅग भरली आणि रिकामी केली.

"मॅडमचं कुणाला हवंय?" भाऊंनी विचारलं.

एकही हात नाही.

"सरांचं?"

चौदाच्या चौदा हात वर! सरांचे डोळे भरून आले. मॅडमचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी हळूच विचारलं, "अहो, पण का?"

पुढच्या बाकावरच्या सावंतबाई म्हणाल्या, "मॅडम, तुमचं लगेच सुरू होतं हो. आमची भाजी निवडायची राहते!"