दारातला उतार

नाना गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नंदुरबारच्या शाळेत मुलांना भूगोल शिकवत होतो. वर्गाच्या दारात गावाकडचा आमचा शेजारी सुखा उभा होता. "मास्तर, नाना गया," एवढेच तो बोलला, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "फटफटीवरून?" सुखाने डोळे पुसता पुसता माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी कुठल्या दुसऱ्या गावचा असावा. "ती चालनी तं मानूस पडी ना! ताप व्हता, ताप." थोरल्या भावाच्या मरणाची बातमी ऐकतानाही मध्ये ती फटफटी यावी, यात आमच्या घरची गेली काही वर्षे सगळी आली.

नाना शेतकरी, बैलांचे जाणकार. पंचक्रोशीत कुणाला जोडी घ्यायची असली की बाजारात नानांना सोबत नेत. ते दात पाहायचे, पाठीवरचे भोवरे पाहायचे, बैलाला चार पावले चालवायचे आणि मान हलवायचे. त्यांचा अंदाज चुकल्याचे मला आठवत नाही. अक्कलकुव्याला बदली होऊन चाललेल्या एका साहेबाची वापरलेली मोटारसायकल त्यांनी घेतली तीही अशीच. चाके दाबून पाहिली, टाकीवर थाप मारली, आणि "चालवून दाखवा," म्हणाले. साहेबाचा बंगला टेकाडावर. गाडी उतारावरून फटफट करत अशी काही निघाली, की नानांनी तिथेच सौदा पक्का केला. बैल चढावर जुंपून पाहायचा असतो हे गावाला शिकवणारा माणूस गाडी मात्र उतारावर पाहून घरी घेऊन आला. आमचे गाव तापीकाठचे, तळहातासारखे सपाट... आणि ती गाडी उतारावाचून सुरू होत नसे.

किक मारून मारून नानांची पोटरी सुजली. नंदुरबारच्या रहीमचाचांनी गाडीचे पोट दोनदा उघडले आणि दोनदा मिटले. टांग्यांची कामे करता करता ते इंजिनांकडे वळलेले. त्यांचेही तिच्यापुढे काही चालले नाही. शेवटी ठरले ते असे. गावाबाहेर नाल्याकडे उतरणारा एक रस्ता होता, तेवढाच काय तो उतार. सकाळी बैलांना दावे लावून फटफटी तिथवर ओढत न्यायची, नानांनी वर बसायचे, आणि मग ती खाली घरंगळत जाऊन नाल्याच्या तोंडाशी एकदाची बोलू लागायची. पुढे बैल, मागे गाडी, गाडीवर फेटा बांधून ताठ बसलेले नाना; विहिरीवरच्या बायका घागरी खाली ठेवून हसत. गाडी रात्री तिथेच राहू दे असे मी किती वेळा म्हटले! पण शेळ्या सीटवर चढतात म्हणून ती रोज संध्याकाळी घरी यायची, आणि रोज सकाळी पुन्हा वरात.

परगावी गेलो की वेगळीच तऱ्हा. खांडबाऱ्याला पुतणीसाठी स्थळ पाहायला निघालो, तर नानांना पाहुण्यांचे घर दिसण्याआधी उतार दिसायला हवा. तो सापडला स्टेशनापलीकडे. गाडी तिथे ठेवून आम्ही घामाघूम पायी पोचलो. माझ्या धोतराला साखळीचे काळे वंगण, तेही बैलगाडीच्या आसाचे, कारण नानांना दुसरे तेल मान्य नव्हते. पाहुण्यांनी विचारले, "गाडीने आलात म्हणे?" नाना शांतपणे म्हणाले, "हो, ती विसावा घेते आहे." परतताना माझा संयम सुटला. मी म्हटले, विकून टाका हे धूड. नाना थांबले, मला समजावल्यासारखे बोलले, "मास्तर, गाडी खराब नही शे. आपलं गाव सपाट शे." आणि मग हळू आवाजात, "एक डाव दारमाईन वाजत निंघाले पाहिजे, बस." एकदा आपल्याच दारातून, एवढीच त्यांची हौस.

युद्धामुळे पेट्रोल कुपनावर गेले आणि फटफटी ओसरीत बसली. मी सुटकेचा श्वास टाकला, तर नानांनी त्या रिकाम्या दिवसांत दारापुढे माती टाकायला घेतली. गाव सपाट असेल तर उतारच दारात आणायचा! गाड्यांवर गाड्या माती आली, वर मुरूम धोपटला. वहिनी ओसरीत उभ्या राहून कडाडल्या, "दारमा डोंगर बांधी ऱ्हायनात का? पानी कोठे जाई?" पावसाळ्यात त्या ढिगाला अडून पाणी सरळ घरात आले. भाकरीचे पीठ भिजले, आणि वहिनींनी आठवडाभर अबोला धरला. नाना मात्र रोज संध्याकाळी उताराच्या माथ्यावर उभे राहून मान तिरकी करून त्याच्याकडे पाहत. दिवाळीनंतर तापाने धरले... उतार तयार होता, पेट्रोल नव्हते.

तिरडी त्याच उतारावरून निघाली. खांदेकऱ्यांची पावले आपोआप भरभर पडू लागली, तसा सुखा हुंदका देत म्हणाला, "दारमाईन धक्क्याबिगर निंघना रे मन्हा नाना..." त्या गर्दीत मला त्याचा राग आला, आणि रडूही.

तेरावे झाल्यावर रहीमचाचा आले. "मास्तर, इसका इंजन कुएँ पे लगा देंगे. पानी खींचेगा. सवारी इसके बस की बात नहीं." मी वहिनींकडे पाहिले. त्या आनंदाने होकार देतील यात मला शंका नव्हती. त्या म्हणाल्या, "लई जा. पन पहिले एक डाव दारमाईन चालू करा. घरना मानूस बसू द्या." घरचा माणूस म्हणजे मी, ज्याने सायकलही कधी धड चालवली नाही.

रहीमचाचांनी कुठूनशी बाटलीभर पेट्रोल मिळवले. डाव्या हाताची दाबून धरलेली मूठ खाली पोचल्यावर सोडायची, एवढे मला तीनतीनदा सांगितले. सगळी आळी दारात उभी. मी देवाचे नाव घेतले आणि पाय उचलले. गाडी घरंगळली, मी मूठ सोडली, एक 'फट्' झाले, मग आणखी एक... आणि आम्ही दोघे सुखाच्या दारात जाऊन गप्प उभे राहिलो. कोणी हसले नाही. हसले असते तर बरे वाटले असते.

वहिनी उतारावरून सावकाश खाली आल्या. मागे वळल्या, मान तिरकी केली, आणि नाना पाहत तसे त्या ढिगाकडे पाहत राहिल्या. "गाडी खराब नही शे, भाऊ. उतार कमी पडना. आखो दोन गाड्या माटी लागी."

मी म्हटले, पावसाळ्यात पाणी पुन्हा घरात येईल. "येऊ द्या," त्या म्हणाल्या. रहीमचाचांनी इंजिनाचा विषय काढला नाही; उरलेले पेट्रोल त्यांनी ओसरीच्या कोनाड्यात ठेवले आणि टांगा जोडला.

उद्या रविवार. सुखाची बैलगाडी सांगून आलो आहे. माती आधी टाकायची की मुरूम, यावरून त्याचे आणि वहिनींचे आताच वाजले आहे, आणि दोघेही निवाड्यासाठी माझ्याकडे पाहत आहेत.