बाकी घर आओ

आमच्या कारखान्यातल्या पंप सेक्शनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी काही विचारलं की सेक्शनमधून रिटायर झालेल्या काकांचं उत्तर लगेच यायचं, आणि हटकून अर्धंच यायचं. "पहले कपलिंग देखो. बाकी घर आओ, बताता हूँ."

असा एखादा माणूस तुमच्याही कामावर असेल. आमची पोरं म्हणायची, म्हातारा विद्या दाबून ठेवतो.

खरं तर ग्रुप निघाला तेव्हा सगळ्यांत जास्त हरखले होते ते काकाच. फोटोवर लाल गोल काढून सगळं सविस्तर सांगायचे. त्याआधी पंप अडला की शिफ्ट सुटल्यावर माणसं त्यांच्या सेक्टर १० मधल्या क्वार्टरवर जायची. काकू होत्या तोवर चहाचं आधण चुलीवरून उतरत नसे. काकू गेल्या, मग ग्रुप आला. उत्तर फोनवर मिळायला लागल्यावर घराकडे कोण फिरकतो? ग्रुपवर अंगठ्याचं एक चित्र टाकलं की आभार मानून झाले. त्यानंतरच काकांची उत्तरं अर्धी झाली.

बेअरिंग तापत होतं म्हणून मी एकदा गेले. फाटकातच काकांनी हिंदी सोडली. "ये बाई, मले वाटलंच तू येशीन." अंगणात खुर्च्या पुसून मांडलेल्या, सिविक सेंटरच्या बाजारातून आणलेले समोसे तयार. माझ्या आईचे गुडघे, अकोल्याचा उन्हाळा, सगळं बोलून झालं. निघताना मीच बेअरिंगची आठवण करून दिली.

"ग्रीस जास्त झालं असंन. थोडं काढ."

"एवढंच? मग ग्रुपवर कावून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तू आली असती काय?"

ते हसले. मला काही हसू आलं नाही. पुढे प्रश्न नसला तरी मी जात राहिले. बाकीचे नाही आले.

काका वारले तेव्हा ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. मी घरी गेले, तर नागपूरहून आलेल्या त्यांच्या मुलीनं त्याच खुर्च्या मांडल्या होत्या. बहुतेक रिकाम्याच होत्या.

"बाबा म्हणत, ग्रुपात लय जण आहेत," ती म्हणाली. "येतीन नं अजून?"

परवा एक पंप थरथरत होता. ग्रुपवर मागे मागे जात काकांचं जुनं उत्तर शोधलं. "पहले फाउंडेशन के बोल्ट कसो. बाकी घर आओ, बताता हूँ." बोल्ट आवळले, पंप शांत झाला. तरी शिफ्ट सुटल्यावर गाडी सेक्टर १० कडेच वळवली. फाटकावर आता दुसऱ्याची पाटी आहे.

काका, मी आले होते.