काचेबाहेरची आई

मी बाळाच्या आईला मावशी म्हणालो. तेही चांगलं मोठ्याने, चारचौघांत.

आमची नात काविळीसाठी दिव्याखाली ठेवली होती, म्हणून मी नवजात बाळांच्या कक्षाबाहेर बसून होतो. शेजारी दोघीजणी. नर्सने ‘बाळाची आई’ अशी हाक मारली की दोघी उठायच्या, पण गाऊन घालून एकच आत जायची. दुसरी काचेला कपाळ टेकून उभी राहायची. आत नळ्यांच्या गुंत्यात त्यांचं तळहाताएवढं बाळ, आणि त्याची भात्यासारखी हलणारी छाती. कोण कुणावर गेलंय हे न विचारता सांगायची मला जुनी खोड. म्हटलं, “कान अगदी मावशीवर गेलेत हो!”

“मावशी नाही, आई,” काचेपाशी उभी असलेली म्हणाली. “बाळ आमचं दोघींचं. बीज माझं, पोटात तिने वाढवलं. इथे आई म्हणून एकीलाच सोडतात.”

मी काचेकडे पाहिलं. जिचे कान त्या बाळाने घेतले होते ती, आणि ज्याचा त्याच्याशी सुतराम संबंध नाही असा मी, दोघंही त्याच्यापासून सारख्याच अंतरावर उभे होतो. आत यंत्र मध्येच कर्कश वाजायचं, की तिची बोटं काचेवर पांढरी पडायची.

तेव्हा तरी गप्प राहायचं ना! मी धीर द्यायला गेलो, “मनाला लावून घेऊ नका. कृष्णालासुद्धा दोन आया होत्या.”

काचेवरची नजर न काढता ती म्हणाली, “त्यातल्या एकीला तरी तो पुरता लाभला का? गप्प बसा हो काका.”