सीतारामरावांच्या घरचे श्राद्ध

सार्वजनिक बांधकाम खात्यात छत्तीस वर्षे टिपणे लिहिल्यामुळे सीतारामरावांना भांडणही मुद्देसूद करण्याची सवय जडली होती. तंजावूरच्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर, शाळेत तिसरी भाषा असावी की नसावी या प्रश्नावर, त्यांनी एका सकाळी अकरा क्रमांकित मुद्दे मांडले. देवनागरी वाचणारे गटात थोडेच, म्हणून ते मराठीतले मुद्दे तमिळ अक्षरांत लिहिलेले होते. चौथ्या मुद्द्यात पापनाशमचे निवृत्त गणितशिक्षक कृष्णाजी यांच्या डोक्यात भुसा भरल्याचे नमूद होते. कृष्णाजींनीही तोडीस तोड उत्तर दिले, तेव्हा सीतारामरावांनी त्यांना ब्लॉक केले. या गोष्टीला सात महिने झाले.

आणि आता वडिलांचे श्राद्ध परवावर आले होते.

श्राद्धाला जेवायला दोन ब्राह्मण हवेत, एक देवांच्या जागी, एक पितरांच्या जागी. आपल्याच पद्धतीचे मंत्र आणि आचार जाणणारी माणसे आसपास बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. देवांच्या जागी बसणारा वाध्यारांनी, म्हणजे घरच्या पुरोहितांनी, ठरवला होता. पितरांच्या जागेसाठी मात्र फोनवर त्यांचा आवाज पडला.

"एकजण मुलाकडे चेन्नईला गेले. दुसऱ्यांचा गुडघा बदललाय, त्यांना पाटावर बसवत नाही. राहिले कृष्णाजी."

"कृष्णाजी सोडून कोणीही सांगा."

"कृष्णाजी सोडून कोणी नाहीच, राव."

सरोजाबाई शेजारीच उडीद निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "अहो, गटावर इतकी माणसं होती. सगळ्यांशी भांडून झाल्यावर पितरांना काय मोबाइल वाढायचा?"

सीतारामरावांनी मोबाइल उलटा करून ठेवला. आमंत्रण आदल्या दिवशी, समक्ष आणि तोंडी द्यायचे असते. दुसऱ्या दिवशी धुतलेले धोतर नेसून ते पापनाशमच्या बसमध्ये बसले. वाटेत त्यांनी चार वाक्ये मनाशी जुळवली आणि चारही रद्द केली.

कृष्णाजी दारासमोरच्या ओट्यावर, तिण्णैवर, वर्तमानपत्र वाचत होते.

"या. कुठल्या मुद्द्यासाठी येणं केलंत?"

"उद्या वडिलांची तिथी आहे. पितरांच्या जागी बसावं, अशी विनंती आहे."

"भुशाला जेवायला बोलावता?"

"ते त्या विषयापुरतं होतं."

"परत घ्या."

सीतारामरावांनी धोतराचा सोगा सावरला. "शब्द परत घेतो. मुद्दा घेत नाही."

कृष्णाजींनी वर्तमानपत्राची घडी घातली. "तुमच्या वडिलांनी मला कधी कॉफी घेतल्याशिवाय घराबाहेर सोडलं नाही. त्यांच्यासाठी येतो. तुमच्यासाठी नाही, हे लिहून घ्या."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ते आले. सीतारामरावांनी त्यांना पूर्वजाच्या जागी मानून त्यांचे पाय धुतले, गंध लावले, वाकून नमस्कार केला. ज्या मस्तकाविषयी चौथा मुद्दा होता, त्याच मस्तकावर त्यांनी तीळ-अक्षता वाहिल्या. वाध्यारांनी नियमाची आठवण करून दिली, "आज यजमानानं रागवायचं नाही, वाद घालायचा नाही. जेवणाऱ्यानं बोलायचं नाही."

कृष्णाजी बोलले नाहीत. त्यांनी बोटाने वडे दाखवले. सरोजाबाईंनी दोन वाढले. पुन्हा बोट. पुन्हा दोन. खीर, मग पुन्हा वडे. पितरांना नाही म्हणता येत नाही. सीतारामराव हात जोडून उभे होते आणि वड्यांचे पातेले रिकामे होत होते. शेवटी त्यांनी विचारायचे ते विचारले, "तृप्त झालात ना?"

ही होकाराची घटका होती. होकार आला नाही, तर श्राद्ध अपुरे. कृष्णाजींनी पानाकडे पाहिले, छताकडे पाहिले, मग वाध्यारांकडे. सीतारामरावांच्या कपाळावरून घाम ओघळला. सात महिन्यांत प्रथमच त्यांना त्या माणसाच्या एका शब्दाची गरज होती.

"तृप्तोऽस्मि," कृष्णाजी म्हणाले. अगदी खणखणीत. तो शब्द ऐकताच सीतारामरावांना का कोण जाणे, वडिलांचा जेवून उठतानाचा आवाज आठवला आणि ते चटकन वाकले.

हात धुऊन, दक्षिणा घेऊन झाल्यावर दोघे पुढच्या ओट्यावर बसले.

"आता तुमच्या चौथ्या मुद्द्याविषयी," कृष्णाजी म्हणाले.

"आज नको. आज मला रागावता येत नाही."

"म्हणून तर आज काढलाय."

सीतारामरावांनी तोंड उघडले, आत वाध्यार भांडी आवरताना खोकले, आणि त्यांनी ते मिटले. कृष्णाजी बोलू लागले. चार वाजताची बस गेली, साडेचारची गेली. सरोजाबाई दारापर्यंत येऊन दोनदा पाहून गेल्या. कृष्णाजी एकदा श्वास घेण्यासाठी थांबले, तेव्हा शेजारून सीतारामरावांचा आवाज आला,

"पुढे?"