माळावरचा भंडारा

हे आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. आईजवळ नाही, संस्थेतल्या मित्रांजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असता, तर आत्ताही मी पत्रकासारखाच बोललो असतो — मूठ आवळून.

पत्रकं मला चांगली लिहिता येतात. कॉलेजात असल्यापासून तेच करतोय. चार शब्दांत माणूस पेटला पाहिजे — मला जमतं ते. राहायला मलकापूरला, पण माझी लढाई वडूजकडच्या माळांवर. गवत, खुरट्या बाभळी आणि त्यात तग धरून राहिलेले लांडगे. लांडगे आहेत का, पिल्लं जगतात का, हे बघायला आम्ही संस्थेतली मुलं झुडपांना कॅमेरे बांधायचो. समोर काही हललं की आपोआप फोटो निघतो. कार्ड काढून आणायचं काम माझं.

त्या माळावर सिदूतात्यांच्या मेंढरांचा तळ असायचा. ते आणि त्यांची बायको, हौसाकाकू. लांडग्याचं बीळ मला तात्यांनीच दाखवलं. कॅमेरा बांधताना बाभळीची फांदी धरून उभे होते. म्हणाले, “गड्या, आमचाबी फोटू निगंल का रं ह्येच्यात?”

निघाला.

उजाडायच्या आधीचा फोटो. तात्या उकिडवे बसलेत, पुढ्यात मेलेलं कोकरू, आणि त्याच्यावर ते चिमटीनं पांढरी पूड टाकतायत. विष! दुसरं काय असणार? माझ्या डोक्यात मथळा तयारसुद्धा झाला.

इथवर ती चूक होती. चूक कुणाचीही होते. तेवढीच असती, तर मी हे लिहायलाच बसलो नसतो.

मी त्या जागेवर जाऊन आलो. कोकरू नव्हतं. दगडावर थोडी पूड राहिली होती — पिवळी. बोट लावलं, वास घेतला. हळद. देवाचा भंडारा. अंधारात आमचा कॅमेरा रंग टिपत नाही, पिवळं पांढरं दिसतं. हे मला माहीत नव्हतं का? कॅमेरे मीच तर बांधत होतो! आणि हौसाकाकूंनी मागं एकदा सांगितलंही होतं — मेलेलं जन्मलेलं कोकरू त्यांच्यात कुत्र्यापुढं टाकत नाहीत. लांडगा हा देवाचा कुत्रा. भंडारा लावून त्याचा वाटा त्याला द्यायचा, मग तो जित्या मेंढराला शिवत नाही. मी तेव्हा हसलो होतो.

त्याच कार्डावर पुढचे फोटोही होते. मादी कोकरू ओढून नेतेय. नंतर पिल्लं — एकमेकांचे कान चावत लोळणारी. धडधाकट.

मग मी काय केलं? पत्रक छापलं. “लांडग्यांचा मारेकरी सापडला!” खाली तात्यांचा फोटो, चेहरा ओळखू येईल एवढा मोठा.

का? तोच माळ एक खडीक्रशर पोखरत होता. सुरुंगाचे बार आम्हाला ऐकू यायचे. क्रशरच्या मालकाचं नाव लिहायला बसलो होतो — हात चालेना. त्याची माणसं आमच्या ऑफिसचा पत्ता विचारून गेली होती. पण पत्रक तर निघायलाच हवं होतं. कुणाचं तरी नाव हवं होतं. तात्यांचं लिहिताना हात अडखळला नाही. उलट — खोटं कशाला बोलू — मजा आली.

वडूजच्या बाजारात आम्ही टेबल मांडून पत्रकं वाटत होतो. पोरं तात्यांच्या मागं लागली होती, “तात्या, आज कुणाला औषध?” तात्या खाली बघत उभे राहिले. बोलल्या त्या हौसाकाकू.

“आवं दादा, तुमी सोता त्या जाग्यावर गेलता. भंडारा हाय त्यो. सांगा की ह्या लोकास्नी.”

मी म्हणालो, “पुरावा आहे का, काकू?”

त्यांनी कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा सगळ्यांसमोर जिभेवर ठेवला आणि गिळला. “हे बगा. मेले का मी?”

लोक माझ्याकडं वळले. तेवढ्या वेळात मी खरं बोलू शकलो असतो. पिल्लांचे फोटो माझ्या मोबाईलमध्ये होते — त्याच खिशात, ज्यावर माझा हात होता.

मी म्हणालो, “घरचा भंडारा खाल काकू, माळावरचा खाल का?”

हशा पिकला. पुढं गावानं त्यांना माळावर मेंढरं घालू दिली नाहीत. मेंढरं विकावी लागली. तात्या आता त्याच क्रशरच्या फाटकावर राखणीला बसतात. पुढच्या वेताला बाकीच्या मेंढपाळांपैकीही कुणी मेलेलं कोकरू बिळापाशी ठेवलं नाही. “फोटू निगतो,” म्हणाले. लांडगे जित्या मेंढरांवर आले, आणि एका सकाळी बिळाचं तोंड दगडांनी चिणलेलं सापडलं. आत पिल्लं होती का? मी दगड काढून बघितलं नाही. कॅमेरा सोडून घेतला आणि आलो.

तात्यांचा तो फोटो मात्र मी जपलाय. व्याख्यानाला जातो तिथं पडद्यावर लावतो. परवा एका कॉलेजात पुढच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, “सर, ती पूड कसली आहे?”

मी म्हणालो, “विषाची.”

आणि पुढचा फोटो लावला.