बोटीचं उरलेलं तेल

कारखान्यातली पाळी संपवून सालवडला परतताना स्कूटरसाठी तेल घ्यायला बोईसरच्या दुकानात थांबलो होतो. माझ्यापुढे घिवलीकडचे एक वयस्कर कोळी उभे होते. उजवा गुडघा वाकत नव्हता, म्हणून सगळा भार काउंटरवर टाकलेला. लोणच्याच्या बरणीत ट्रॅक्टरमधून काढलेलं काळपट तेल आणलं होतं. झाकण उघडून ते पुन्हापुन्हा हुंगत होते, मासळीचा ताजेपणा बघावा तसे.

गुडघ्यामुळे दर्या सुटला, ते दुकानदाराला सांगत होते. आता ते चिकूच्या वाडीत छोटा ट्रॅक्टर चालवतात. त्याला क्लच नाही, गियर बदलायचे नाहीत. आतल्या तेलाच्या दाबावरच चाकं फिरतात. आणि त्यात यांनी बोटीच्या इंजिनाचं उरलेलं तेल ओतलं होतं.

"दर्यात चालला, तं वाडीत का नाय चालनार, असा वाटला," ते म्हणाले. "आता ऊन चढला का ट्रॅक्टर बसतो जाग्यावर."

कंपनीने सांगितलेलं तेल दुकानात नव्हतं. दुकानदाराने दुसराच डबा पुढे सरकवला. "हे न्या बाबा, चालून जाईल."

त्यांनी बरणीचं झाकण सावकाश लावलं. "चालून जाईल बोलत बोलतच माजा गुडगा गेला. ट्रॅक्टर तरी ऱ्हाऊ दे. खरा तेल आला का येतो."

भिंत धरत ते पायऱ्या उतरले.

"तुम्हाला कुठलं देऊ?" दुकानदाराने मला विचारलं.

कारखान्यात दिवसभर म्हणतो तेच, "कुठलंही, चालून जाईल," जिभेवर आलं होतं. पण बाहेर अजून त्यांचा पाय घासत चालल्याचा आवाज येत होता.